डेडस्टॉकातला विग

आमच्या सासूबाई विद्यापीठात भांडारपाल होत्या. भांडार म्हणजे तळघरातल्या तीन खोल्या आणि त्यांत विद्यापीठाच्या मालकीचं जे जे काही असेल ते: खुर्च्या, पंखे, खडू, काचेच्या नळ्या, झाडू, फाटके नकाशे. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, परीक्षा विभागात. सासूबाईंनी मला तिथेच हेरलं आणि मुलासाठी पसंत केलं. बाकीचे लोक मुलगी बघतात, सासूबाईंनी माझी पडताळणी केली. त्यांच्या नोंदीत मी 'सुस्थितीत' निघाले असणार, नाहीतर या घरात आले नसते.

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपबाई म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती! विद्यापीठाने विकत घेतलेली कुठलीही टिकाऊ वस्तू डेडस्टॉकात चढते. तिला नंबर मिळतो, तो तिच्या अंगावर रंगवला जातो, आणि वर्षातून एकदा ती जागेवर आहे की नाही हे डोळ्यांनी बघून खूण करायची असते. खडूसारखी वापरून संपणारी वस्तू दिली की सुटली. टिकाऊ वस्तूला मात्र मरणही सहजासहजी नाही. ती मोडली तरी समितीपुढे मांडायची, समितीने 'प्रत्यक्ष पाहिले, निरुपयोगी आढळले' असं लिहून सह्या केल्या की मग तिची सुटका. सासूबाईंच्या उभ्या नोकरीत एक चमचासुद्धा गहाळ झाला नव्हता, आणि हे त्या आम्हाला जेवताना नेमाने ऐकवत.

जित्याची खोड ती, घरी आल्यावर थोडीच सुटते! आमच्या डब्यांच्या बुडाला नेलपॉलिशचे नंबर होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षअखेरीला मी स्वयंपाकघरात वाट्या उलट्या करून दाखवत उभी होते आणि नवरा दारात उभा राहून हसत होता. त्याच्या अंगावर नंबर नव्हता एवढंच.

अशात विद्यापीठाला उदार व्हायची लहर आली. पारलिंगी विद्यार्थ्यांना, आणि बाई किंवा पुरुष या दोन्ही खणांत न बसणाऱ्यांना, स्वतःसारखं दिसायला जे लागतं ते विद्यापीठाच्या पैशांतून घेऊन द्यायचं ठरलं. छाती सपाट ठेवणारी बनियनं, पॅड घातलेले आतले कपडे, मोठ्या मापाच्या लेडीज चपला, विग. योजनेला लांबलचक नाव दिलं, ते कोणालाच एका दमात म्हणता येईना. फीत कापली, फोटो निघाले. समाजशास्त्राच्या प्राध्यापकबाईंनी भाषण केलं, "समाजाने यांच्याकडे मोकळ्या नजरेने बघायला शिकलं पाहिजे." टाळ्या पडल्या. योजना चांगलीच होती, मी उगाच नाकाने कांदे सोलणार नाही. पण विद्यापीठाचा पैसा म्हटला की खरेदी भांडारातून, आणि भांडार म्हणजे सासूबाई.

बनियनं आणि चपला स्वस्तातल्या होत्या, त्या खडूच्या जातीत गेल्या. विग मात्र खऱ्या केसांचा, महागातला. तो टिकाऊ ठरला. म्हणजे डेडस्टॉक.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला तर जेवणाच्या टेबलावर उपडं पातेलं आणि त्यावर खांद्यापर्यंतचे काळेभोर केस. तो दारातच थबकला.

"आई, हे कोण?"

"कोण नाही, काय. डेडस्टॉक," सासूबाई सुईत लाल दोरा ओवत म्हणाल्या. "याच्यावर रंग कसा मारणार? अस्तरावर नंबर टाचतेय."

जिचा विग ती पोरगीही सोबत आली होती. रसायनशास्त्राला होती, उंच, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, खुर्चीच्या कडेवर अशी बसलेली की कोणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं. मुलगा म्हणून वाढवलेल्या लेकराने मी मुलगी आहे असं घरी सांगितलं, त्या दिवसापासून वडलांनी फोन उचलणं बंद केलेलं. शिकवण्या घेऊन हॉस्टेलचे पैसे भरत होती. विग आपल्या पैशाने घ्यायचा म्हटला असता तर तिची निम्मी पदवी त्यातच गेली असती.

"साबण लावायचा नाही," सासूबाईंनी तिला बजावलं. "उन्हात वाळवायचा नाही. नंबर निघता कामा नये. आणि वस्तू विद्यापीठाची आहे, कोर्स संपला की परत करायची."

"हो मावशी," ती म्हणाली. मग तिने विग घातला आणि आमच्या आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मला भरून आलं, म्हणून मी उगाचच चहाची भांडी विसळायला गेले. सासूबाईंचा आवाज आला, "बघून झालं असेल तर इथे सही कर."

वर्षअखेरीला पडताळणी आली. कोणाला वापरायला दिलेली टिकाऊ वस्तू तळघरात आणून नंबर दाखवायचा. पोरगी आली. सासूबाई म्हणाल्या, "काढ." नियमाप्रमाणे बरोबरच होतं, नंबर आतल्या बाजूला. ती कपाटाआड गेली, विग काढून हातात दिला, आणि नेमका त्याच वेळी भूगोलाचा शिपाई खडू मागायला आत आला. त्याने तिचं बारीक कापलेलं डोकं बघितलं, विग बघितला, आणि तोंडावर हात धरून फिस्सकन हसला. सासूबाईंनी त्याला असा काही हाकलला की भूगोल विभाग पुढे बरेच दिवस खडूविना शिकवत होता. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हॉस्टेलपर्यंत ती गोष्ट पोरीच्या आधी पोचली.

त्या रात्री सासूबाई नीट जेवल्या नाहीत. चमच्याची गोष्टही सांगितली नाही. मी म्हटलं, "आई, नियम जरा वाकवायचा होता." त्या म्हणाल्या, "वाकवला की मोडतो." मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

पण पाणी कुठेतरी झिरपलं होतं. पुढच्याच वर्षी सासूबाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि पोरीचा कोर्सही तेव्हाच संपत होता. पास झाली, चांगल्या मार्कांनी. एका औषधाच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीही लागली. सोमवारी हजर व्हायचं, येताना मूळ गुणपत्रिका आणायची. गुणपत्रिका माझ्याच टेबलाच्या खणात होती. पण भांडाराचा 'काही देणं नाही' असा दाखला आल्याशिवाय ती मला देता येत नव्हती, आणि दाखला हवा तर विग परत करायला हवा होता. म्हणजे नोकरी हवी तर विग द्या, आणि विग दिला तर नोकरीच्या पहिल्या दिवशी अनोळखी माणसांत तशाच डोक्याने उभ्या राहा. नवा घ्यायला पगार हवा, आणि पगार तर महिन्यानंतर.

सासूबाईंनी हिशेब विभागाला पत्र लिहिलं की विग खडूच्या जातीत धरावा. उत्तर आलं: खडू झिजतो, विग झिजत नाही, सबब तो स्वच्छ धुऊन पुढील गरजू विद्यार्थ्यास द्यावा.

"उद्या दात घासायचा ब्रश धुऊन पुढच्याला द्या म्हणतील!" सासूबाई कडाडल्या.

"नियम तुमचाच आहे, आई."

"माझा कशाने? मी नुसता पाळते."

दोन दिवस त्या घरात नियमांचं पुस्तक घेऊन बसल्या. मग शुक्रवारी सकाळी एक पत्र्याची पेटी काढली, तिच्यावर विगचा नंबर लिहिला आणि कुलूप लावलं. त्या दिवशी निरुपयोगी वस्तूंची समिती बसणार होती. मी पेटी उचलली तर अगदीच हलकी.

"रिकामी आहे?"

"रिकामीच. मी खोटं लिहिणार नाही, आणि पोरीच्या डोक्यावरून विग उतरवणारही नाही. समितीपुढे पेटी ठेवते. उघडतील, विचारतील, विग कुठे? मग सांगते. जे माणसाच्या अंगाचं झालं ते परत मागायचं नसतं, म्हणावं. माझ्या पेन्शनीतून काय कापायचं ते कापा."

"आणि नाही ऐकलं तर?" नवऱ्याने विचारलं. "विग परत आणा म्हणाले तर?"

सासूबाईंनी पायात चपला घातल्या. भाषण त्यांनी जिना उतरताना दोनदा म्हणून बघितलं.

समितीत तिघं होते: विज्ञान शाखेचे प्रमुख, ते अध्यक्ष, हिशेब अधिकारी, आणि त्याच समाजशास्त्राच्या प्राध्यापकबाई. पेटी घेऊन आलेली म्हणून मी दाराशी उभी राहिले. मोडक्या खुर्च्या आणि पंखे तळघरात मांडलेले असत, ते समितीने सवडीने आधीच बघून जायचं, त्यामुळे त्यांच्या नुसत्या याद्या झाल्या. मग सासूबाईंनी पेटी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि किल्ली शेजारी.

"यात काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"विग, साहेब. त्या योजनेतला."

तिघंही खुर्चीत किंचित मागे सरकले.

"अच्छा, तो," हिशेब अधिकारी म्हणाले. "म्हणजे... वापरलेला?"

"दोन वर्षं. उघडा ना, किल्ली ठेवलीय."

"नको, नको," प्राध्यापकबाई घाईने म्हणाल्या. "त्या विद्यार्थ्याच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. आपण त्याचा मान राखला पाहिजे." आणि रुमाल काढून नाकाशी धरला.

"दोन वर्षं वापरला म्हणजे निरुपयोगीच की," अध्यक्ष म्हणाले. "धुऊन वगैरे दुसऱ्याला... शी. ही कल्पना कोणाची होती?"

हिशेब अधिकारी छताकडे बघू लागले. कागद फिरला. प्रत्यक्ष पाहिले, निरुपयोगी आढळले. एक सही, दुसरी सही, तिसरी.

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "पेटी उघडली नाही अजून."

"अहो, आमचा विश्वास आहे तुमच्यावर!"

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी दारातून बघत होते. या बाईने जन्मात न पाहिलेल्या वस्तूवर सही केली नव्हती आणि कोणाला करूही दिली नव्हती. आता एक वाक्य, रिकामी आहे साहेब, एवढंच, आणि भाषण सुरू. मग पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर, आणि सोमवार तर तोंडावर आलेला. त्यांची मान माझ्याकडे वळली. मी डोळे वटारून नाही नाही अशी मान हलवली. सुनेने सासूला डोळे वटारण्याची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ. सासूबाईंनी तोंड मिटलं. पेटी उचलली, किल्ली उचलली आणि बाहेर आल्या.

मी वर धावत गेले आणि दाखला येताच गुणपत्रिका पोरीच्या हातात दिली, समितीत काय झालं तेही सांगितलं. माझा आनंद मावत नव्हता. घरी आले तर सासूबाई खिन्न बसलेल्या, पेटी मांडीवर.

"आई, सुंठीवाचून खोकला गेला! तोंड का पाडलंय?"

"मागच्या वर्षीचे पंखे," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचं पातं पुसून, नंबर वर करून मांडले होते मी. तेव्हाही हे असंच..."

मी त्यांच्या मांडीवरची पेटी उचलून खाली ठेवली.

"नकाशे उलगडून ठेवायचे. काचेच्या फुटक्या नळ्या कागदावर जुळवून ठेवायचे. मला वाटायचं बघून जातात. मी नसताना, पण बघून जातात." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "एकदाही कोणी बघितलं नसेल का गं?"

त्यांना रडताना मी प्रथमच बघत होते. खोटं बोलावं तर त्यांनी लगेच पकडलं असतं. इतक्यात पोरगी आली, धापा टाकत, गुणपत्रिका छातीशी धरून.

"मावशी, थँक्यू. तुमच्यामुळे..."

"माझं काय आलंय त्यात!" सासूबाई डोळे पुसत फटकारल्या. "मी तर गप्प बसले. आणि त्यांनी बघितलंसुद्धा नाही, पोरी. तिघांतल्या एकानेसुद्धा नाही."

पोरगी हसली. "मावशी, बसमध्ये बघतात. वर्गात बघतात, दुकानात, जिन्यात, मेसमध्ये माझं ताटसुद्धा बघतात. दोन वर्षांत माझ्या बाबतीत आज पहिल्यांदा कोणी बघायला नको म्हणालं." मग सासूबाईंचा चेहरा तिच्या लक्षात आला आणि तिचं हसू थांबलं. "तुम्हाला वाईट वाटलं का?"

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, त्यांच्या नेहमीच्या नजरेने, डोक्यापासून पायापर्यंत. मग बघता बघता त्यांनी ती नजर उचलली आणि खिडकीकडे वळवली.

"बस," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

पोरगी बसली, या वेळी खुर्चीला टेकून. तिचा चहा संपेपर्यंत सासूबाई खिडकीबाहेरच बघत राहिल्या, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.