मेणाचा डाग

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे करारातलं कलम मी काटेकोर पाळत आलो. खिडकीच्या चौकटीवर मधमाश्यांनी पोळं बांधलं, तेव्हा माझी बायको नंदा हसून म्हणाली होती, "अहो, यांनाही करार वाचून दाखवा." पुढे आजारपणात ती पलंगावरून ते पोळं वाढताना पाहायची. ती गेली, पोळं राहिलं.

काल घरमालक आले. "काका, खाली मुलं खेळतात. कुणाला चावल्या तर?" त्यांचं चुकत नव्हतं. माणूस आला, त्याने धूर केला, पोळं कापून नेलं.

आज सकाळी काही माश्या परत आल्या. चौकटीवर उरलेल्या मेणाच्या डागाभोवती त्या घिरट्या घालत होत्या. घर गेल्याचं कळत असेलही त्यांना, पण जागा सोडवत नसावी. नंदाच्या पलंगाच्या कडेला बसून मी बघत राहिलो. तिचा फोटो अजून कपाटाला टेकवूनच ठेवला आहे.

दुपारी मालकांचा फोन आला. "तो डाग तेवढा पुसून घ्या हं."

"घेतो," म्हणालो. ओलं फडकं घेऊन खिडकीशी गेलो. डागावर एक माशी बसली होती. ती उठेपर्यंत थांबू, म्हटलं. फडकं हातातच वाळलं.