लाल शर्टावरची पाचवी फांदी

चूक माझीच होती. आधीच सांगून टाकतो, कारण ताईंची ती सगळ्या गिऱ्हाइकांना, चहावाल्याला आणि विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगून झालेली आहे. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

शर्ट छापायचं आपलं दुकान माझ्यावर सोडून ताई बाहेर गेल्या होत्या आणि मी त्यांच्या खुर्चीत मालकासारखा बसलो होतो. तेवढ्यात एक इव्हेंटवाला आला. कुणाच्या तरी आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस, सगळं खानदान एका हॉलमध्ये जमणार, लहानथोर सगळ्यांच्या अंगात एकसारखा शर्ट. त्याला लालभडक, चमकणारं पॉलिएस्टर हवं होतं आणि त्यावर पांढरंशुभ्र चित्र. "होऊन जाईल," मी म्हणालो. मला कुणी सर म्हटलं की मी काहीही कबूल करतो, आणि तो तर दर वाक्याला म्हणत होता. त्याच दिवशी मी ठोक व्यापाऱ्याला फोन करून लाल शर्टांचे गठ्ठेही मागवले. चित्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

आता यात चूक काय, ते आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही. लाल पॉलिएस्टर तापलं की कापडाचा रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत शिरतो. शाई वाळवायच्या भट्टीतून शर्ट निघतो तेव्हा पांढरं पांढरंच असतं. आपण खुशीत घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर गुलाबी.

नुसता पांढरा चौकोन छापून मी केलेला, गुलाबी झालेला नमुना ताईंनी दोन बोटांत धरून उचलला. "हे काय आहे?"

"नमुना, ताई."

"कशाचा? तुझ्या अकलेचा?"

तो शर्ट आठवडाभर मला घालायला लावला. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट. "हा बघा. न विचारता हो म्हटलं की हा रंग येतो."

ताईंना सगळा बाजार भट्टीताई म्हणतो. शर्ट वाळवायची आमची लांबलचक भट्टी दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात आहे, म्हणून ते नाव पडलं असं ताई स्वतः मानतात. आम्ही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. भट्टी निदान बंद केल्यावर थंड तरी होते.

त्यांच्याकडे शर्ट छापायला येणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. गिऱ्हाईक चित्र घेऊन येतं. ताई ते कागदावर काढून समोरच्या कुलूपवाल्याच्या शटरवर चिकटवतात आणि गिऱ्हाइकाला रस्त्याच्या या बाजूला उभं करतात. "वाचा." मधून रिक्षा जातात, गिऱ्हाईक डोळे बारीक करतं. "नाही वाचता येत? मग शर्ट घातलेल्या माणसाच्या छातीला नाक लावून वाचणार का लोक?" असं करून त्यांनी आजवर कितीतरी बोधवाक्यं, नक्षीच्या चौकटी आणि प्रायोजकांची चिन्हं रस्त्यातच मारलेली आहेत. शाळासोबत्यांचा एक गट पाठीवर सगळ्या वर्गाची नावं छापा म्हणून अडून बसला, तेव्हा म्हणाल्या, "हजेरीच घ्यायची असेल तर पाटी आणा, शर्ट कशाला नासता?" गट गेला आणि दुपारी मान खाली घालून परत आला.

एका शब्दावर मात्र त्यांचा विशेष राग. कुठलीही कंपनी क्रीडादिनाला शर्ट छापायला आली की छातीवर 'आम्ही एक कुटुंब' हवंच असतं. ताई म्हणायच्या, "जे असतं ते छापावं लागत नाही." मला वाटायचं, हा धंद्यातला तिरकसपणा आहे.

तर लाल गठ्ठे आले होते, परत जाणार नव्हते. उपाय होता, पण कष्टाचा. आधी चित्राच्या आकाराचा राखाडी थर द्यायचा, तो लाल रंगाला वर येऊ देत नाही, आणि त्यावर पांढरा. म्हणजे प्रत्येक शर्ट दोनदा छापायचा. शिव्या देत देत ताई कामाला लागल्या. "दाखव ते चित्र," म्हणाल्या.

मी दाखवलं. एक झाड. खोडात एका म्हातारीचा चेहरा, फोटोवरून रेघांनी काढलेला, चष्म्यासकट. दोन फांद्या डावीकडे, दोन उजवीकडे, प्रत्येकीवर एकेक नाव, पुढे डहाळ्यांवर नातवंडं. खाली 'एक झाड, एक कुटुंब'.

ताई चित्रावर वाकल्या.

"ही माझी आई आहे," त्या म्हणाल्या.

"यातली कुठली?"

"खोड."

मग हात शाईने भरलेले म्हणून त्यांनी मला फोन लावून स्पीकरवर धरायला सांगितलं. पलीकडे त्यांचा थोरला भाऊ.

"दादा, मी बोलतेय."

"कोण मी?"

"तू छाटलेली फांदी."

"ते काम तुझ्याकडे आलंय? त्या इव्हेंटवाल्या गाढवाला दुसरं दुकान मिळालं नाही?"

"आम्ही पाच भावंडं आहोत. चित्रात चार आहेत."

"बाबांचं टेबल चोरून नेलंस तेव्हा नाही आठवलं, पाच आहोत ते?"

"टेबल कुणी दिलं ते आईला विचार."

"आईला यात ओढू नकोस. जमत नसेल तर काम सोड, मी दुसरीकडे देतो."

"काम होईल. वेळेवर होईल," ताई म्हणाल्या आणि शाई लागलेल्या नाकाच्या शेंड्याने फोन बंद केला. माझ्या फोनची काच त्यानंतर कितीतरी वेळ शाईने चिकट होती, पण तक्रार करायची ती वेळ नव्हती.

टेबलाची गोष्ट मला त्या दिवशी कळली. आमच्या दुकानात मधोमध एक जाड लाकडी टेबल आहे, वर रबराची चादर ठोकलेली, कडांना शाईचे थरावर थर. ताईंच्या वडिलांचं कापडी पिशव्या छापायचं दुकान होतं, हे त्यांचं टेबल. ताई त्याच टेबलावर काम शिकल्या. भावंडांपैकी दुसरं कुणी तिकडे फिरकलंही नव्हतं. वडील गेले आणि दादांनी दुकान विकायला काढलं, टेबलासकट.

"आईच म्हणाली, तू घेऊन जा, तो भंगारात घालेल," ताई सांगत होत्या आणि हात राखाडी शाई घोटत होते. "टेंपो आणला. मागचं दार तिने स्वतः उघडलं. टेबलाचा पाय जिन्यात अडकला तर तिने आतून ढकलला. आणि संध्याकाळी दादा सगळ्यांसमोर मला चोर म्हणाला तेव्हा बाईसाहेब गहू निवडत होत्या. मान वर केली नाही. अजून केलेली नाही."

"म्हणजे राग दादांवर नाही?"

"दादा मूर्ख आहे. मूर्खावर कोण रागावतं? तुझ्यावर मी रागावते का?"

मी तोच गुलाबी चौकोनाचा शर्ट घालून उभा होतो.

"एकदा, फक्त एकदा तिने चारचौघांत म्हणावं, दार मी उघडलं. बास. मला ना हॉल पाहिजे, ना फांदी."

फांदी नको म्हणाल्या खऱ्या. पण सगळे शर्ट छापून झाले, एकही पांढरा गुलाबी झाला नाही, रेघ इकडची तिकडे नाही, आणि शेवटी खोडाचा म्हणजे आईंचा शर्ट राहिला, तेव्हा ताईंनी दोन कोऱ्या जाळ्या काढल्या, एक राखाडीसाठी, एक पांढऱ्यासाठी. जाळी म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं बारीक कापड, चित्र त्यावर उठवून शाई त्यातून शर्टावर उतरवायची. एका चित्राच्या जाळीतून ढीगभर शर्ट निघतात.

"एका शर्टासाठी दोन जाळ्या?" मी म्हणालो. "ताई, ते पैसे अडवतील. चित्र त्यांनी पास केलेलं आहे."

"बाकीचे शर्ट त्याचे. हा माझा."

दोन-दोन फांद्यांच्या मधे जागा होती तिथे त्यांनी आपल्या नावाची पाचवी काढली, सरळ वर जाणारी, इतरांपेक्षा जाड. ती आजींच्या डोक्यातून निघाल्यासारखी दिसत होती. मी म्हणालो, "डोक्यात गेल्यासारखी वाटतेय." ताई म्हणाल्या, "गेलीच आहे." मग कागद शटरवर चिकटवून रस्ता ओलांडून आल्या आणि कितीतरी वेळ बघत उभ्या राहिल्या. वाचता येत होतं.

हॉलवर मी एकटाच गेलो. ताईंनी मला साधा, गुलाबी चौकोन नसलेला शर्ट घालायची परवानगी दिली होती. दाराशी टेबल मांडून मी मापाप्रमाणे शर्ट वाटत होतो. नातवंडं मोठं माप मागत होती, सुना लहान माप मागत होत्या, आणि जावई जे माप सांगत होते ते त्यांच्या लग्नातलं होतं. दादा स्टेजवर माइक घेऊन "हॅलो हॅलो" करत होते.

आजींचा शर्ट मी स्वतः नेऊन दिला. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी घडी उलगडली, छपाईवरून अंगठा फिरवला. अगदी तसाच ताई फिरवतात, शाई मुरली का बघायला.

"टेबल नीट आहे का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे आजी. एक पाय हलतो."

"तो पहिल्यापासूनच हलतो," आजी म्हणाल्या आणि अंगातल्या कपड्यांवरून शर्ट चढवला.

ताईंची शटरची परीक्षा खोटी नाही. दादांना ती फांदी हॉलच्या पार टोकाच्या स्टेजवरून दिसली. माइक हातात तसाच धरून ते खाली उतरले.

"हा शर्ट चुकीचा आहे. बदलून दे."

"दुसरा नाही," मी म्हणालो. माझ्या पिशवीत तीन होते.

"आई, काढ तो. तुला माहितेय का काय छापलंय त्यावर?"

"दिसतंय मला. चष्मा आहे," आजी म्हणाल्या. "मला हाच बसतो."

"ज्या मुलीने बाबांचं टेबल पळवलं, तिला तू अंगावर मिरवणार?" माइक चालूच होता. हे वाक्य हॉलभर घुमलं. मुलं फुगे फोडायची थांबली. सगळं खानदान, सगळं लाल, आजींकडे बघत होतं.

आजींनी तोंड उघडलं. माझ्या मनात मी ताईंना फोनसुद्धा लावला होता.

"पंखा जरा मोठा करा," आजी म्हणाल्या. "उकडतंय."

पंखा मोठा झाला. टाळ्या वाजल्या, कशाच्या ते देव जाणे. मला असा संताप आला की उरलेले शर्ट मी मापं न बघता वाटले. निघताना आजींनी माझी बाही धरली. "अजून एक दे पाठवून. असाच, पाच फांद्यांचा. हा धुवायला टाकला की घालायला."

"देतो आजी," मी म्हणालो. म्हणजे परत न विचारता हो म्हणालो.

दुकानात ताई टेबल पुसत होत्या, जे पुसण्याइतकं घाण नव्हतं. मी सगळं सांगितलं. शर्ट घातला हे सांगितलं, तेव्हा फडकं थांबलं.

"दादासमोर काढला नाही?"

"नाही. 'मला हाच बसतो' म्हणाल्या."

"आणि दाराचं?"

"पंखा मोठा करा म्हणाल्या."

"पंखा!" ताईंनी फडकं बादलीत असं आपटलं की राखाडी पाणी माझ्या बऱ्या शर्टावर उडालं. "जन्मभर हेच. घर पेटलं तरी ही बाई म्हणेल, पंखा लावा!"

मग मी दुसऱ्या शर्टाचं सांगितलं. ताईंनी बादलीतलं फडकं काढून पिळलं.

"सांग तिला, आधी वाक्य, मग शर्ट."

हा निरोप मी फोनवर आजींना दिला. आजी म्हणाल्या, "बघू." आता त्या अधूनमधून मला विचारतात, शर्टाचं काय झालं. मी ताईंना विचारतो. ताई विचारतात, वाक्याचं काय झालं. दोघीही माझ्यावरच ओरडतात, कारण मधे मीच सापडतो.

दुकानात जाळ्यांची कायम ओढाताण असते. काम संपलं की जाळी धुवायची आणि पुढच्या चित्राला घ्यायची, हा नियम मोडला तर ताई अंगावर येतात. पण पाच फांद्यांच्या त्या दोन जाळ्या भिंतीला टेकून तशाच उभ्या आहेत. परवा गर्दीत मी त्यांतली एक धुवायला उचलली.

"ठेव," भट्टीपलीकडून आवाज आला. "शर्ट द्यायचाय ना तुला?"