शाळिग्रामातला किडा

आमच्या देवघरात लिंबाएवढा काळा शाळिग्राम होता. त्याने मला जन्मभर बांधून ठेवलं. वडील गेल्यावर त्याला रोज आंघोळ घालायचं माझ्याकडे आलं. बाईमाणसाला त्याला हात लावायची मुभा नव्हती, पण त्याचं तीर्थ घेतल्याशिवाय आई जेवत नसे. कशेळ्याजवळच्या आमच्या गावात ब्राह्मणाचं दुसरं घर नाही. एकदा मला नेरळला मुक्काम पडला, तर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतेपर्यंत ती उपाशी. वर चकार शब्द बोलली नाही, याचाच मला जास्त राग आला.

कर्जतला मी रेल्वेच्या एका साहेबाचा कारकून होतो. दगड झालेले समुद्रातले जीव जमवायचं त्याला वेड. तुमच्या या डोंगरांत साधा शिंपलाही सापडत नाही, म्हणून तो चिडे. एकदा तो घरी आला, तेव्हा मी शाळिग्राम ताम्हनातून ओसरीवर आणून दाखवला. साहेब त्याच्यापुढे मांडी घालूनच बसला. म्हणाला, हा समुद्रातला जीव. आतलं वेटोळं हे त्याचं घर. लाखो वर्षांपूर्वी चिखलात रुतून मेला, त्याचा दगड झाला. मला देशील?

शाळिग्राम विकायचा नसतो, पण देता येतो. साहेबाच्याच शिफारशीने मला पुण्याच्या कचेरीत जागा मिळत होती. आई घर सोडायला तयार नव्हती, आणि देव घराबाहेर न्यायला तर मुळीच नाही. आता मला वाट सापडली. बायकोने पेटी भरायला घेतली.

आई वाती वळत होती. मी म्हणालो, "आई, हा देव नव्हे. मेलेला किडा आहे."

तिचे हात थांबले नाहीत. "वज्रकीट. पुराणात सांगतात की, दगड कोरून आत राहतो. तुझ्या साहेबाला आत्ता कळलं होय?"

"मग किड्याला आंघोळ कशाला?"

"अरे, इतकी वर्षं आत कोंडलेला. कोणी पाणी नको घालायला?"

ज्या विद्येच्या जोरावर मी सुटणार होतो, ती आईकडे आधीपासून पाणी भरत होती. मी पुण्याला नकार कळवला. बायकोने पेटी रिकामी केली.

बारा वर्षांनी आई गेली. सुतकात देव कोरडा राहिला आणि मला, सांगायला लाज वाटते, फार हलकं वाटलं. तेरावं आटोपलं. शाळिग्रामाला शेवटची आंघोळ घालून नदीत सोडायचा, असं मी ठरवलं.

आंघोळ घालून वळलो, तर बायको दारात हात पुढे करून उभी.

"तीर्थ द्या," ती म्हणाली. "त्याशिवाय जेवणार नाही, असा सासूबाईंना शब्द दिलाय."

मी पळी भरली.