गोधडीखालचा फोन

सबंध खानदेशात भारत सरकार कोणाला टरकून असेल, तर ते आमच्या घरमालक आबांना, अशी निदान आबांची तरी पक्की खात्री होती. दिल्लीत एका मोठ्या दालनात माणसं कानाला भोंगे लावून बसलेली असतात आणि त्यातला एक खास आपल्यासाठी नेमलेला आहे, हे ते चहा पिता पिता इतक्या सहज सांगत, की त्या बिचाऱ्याच्या बायकोपोरांची चौकशी करावीशी वाटे. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळामास्तर होतो आणि आबांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. वर्षानुवर्षं अर्ज करून आबांनी फोन मिळवला आणि आल्या दिवशीच त्याच्यावर गोधडी घातली. "ठेवलेला असला तरी ऐकतो तो, मास्तर!" घंटा वाजली की आधी गोधडी उपसायची, मग फोन घ्यायचा. तोवर निम्मे फोन बंद पडत.

फोनवर ते फक्त अहिराणीत बोलत. "दिल्लीवालासले आपली बोली समजस नही!" शिवाय सांकेतिक शब्द होतेच. एकदा कौलं शाकारायला दोघा पुतण्यांना बोलवायचं होतं, म्हणून पहूरच्या धाकट्या भावाला त्यांनी फोनवर सांगितलं, 'दोन वांगी पाठव'. भाऊ संकेत साफ विसरलेला. तिसऱ्या दिवशी एस.टी.च्या टपावरून दोन पोती वांगी उतरली आणि अख्खी गल्ली आठवडाभर भरीत खात होती. आबांना त्याचं काही नाही. "आपल्याच माणसाला कळलं नाही, तर सरकारला काय कपाळ कळणार!" मतदारयादीवाला दारात येऊन घरात माणसं किती विचारू लागला, तर आबांनी त्यालाच उलट विचारलं, "तुमच्या घरात किती?" शेवटी त्यांच्या पत्नी, अक्का, आतून ओरडल्या, "दोन! त्यातलं एक शहाणं!"

संध्याकाळी ओट्यावर वाद रंगे. समोर निवृत्त हेडमास्तर. ते म्हणत, "ज्याला लपवायचं काही नाही, त्याने सरकारला भ्यायचं कशाला?" आबा म्हणत, "मग गुरुजी, न्हाणीघराला दार तरी कशाला? देशासाठी उघडंच राहू द्या!" ओटा हसून लोटपोट. पण हेडमास्तरांचा एक प्रश्न आबांना दर वेळी आडवा करी: "पुरावा काय?" अखेर चिडून आबांनी वर टेलिफोन खात्याकडे तक्रार धाडली, पोचपावतीसह रजिस्टर्ड. आमच्या गावचे फोन चोरून ऐकले जातात, चौकशी व्हावी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, दीपनगरहून जावयाचा ट्रंक कॉल आला. लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि आधीचं एक मूल हाताला लागलं नव्हतं. मी शेजारीच उभा होतो. "आबा, डॉक्टर म्हणताहेत..." एवढंच आलं आणि पुढे नुसती खरखर. आबा रडवेले होऊन किंचाळत होते, "काय म्हणतस? अहो, काय?" अक्का दाराची चौकट धरून उभ्या. आणि एकदम त्या खरखरीतून एका बाईचा आवाज आला, इतका खणखणीत की मलाही ऐकू यावा: "आबा, नात व्हयनी! मायलेकी खुशाल शेतस. रडू नका आते."

आबा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. हसले, पुन्हा रडले. मग त्यांनी रिसीव्हर डोळ्यांसमोर धरून न्याहाळला. आवाज होता एक्स्चेंजात कॉल जोडणाऱ्या बाईचा; जावयाचं बोलणं तिला तिथे नीट ऐकू येत होतं. ती आमच्याच गावातली, नवऱ्यामागे दोन पोरं सांभाळणारी, आणि बोलणारी अहिराणीच! आबांचं सगळं लक्ष दिल्लीकडे, त्यामुळे हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "ही ऐकते." हवा होता तो पुरावा आयता हातात आला होता.

पंधरा दिवसांनी चौकशीला धुळ्याहून खात्याचे साहेब आले. ओट्यावर हेडमास्तरांसकट सगळे मजा बघायला हजर. आबांनी तोंड उघडलं की त्या बाईची नोकरी गेलीच. साहेबांनी विचारलं, "फोनवर मध्येच कोणी बोललं? काही पुरावा?"

आबांनी एकदा गोधडीकडे पाहिलं. "छे हो. वय झालं, कान वाजतात माझे."

साहेबांनी 'तक्रार गैरसमजातून' असं लिहिलं आणि आबांनी खाली सही केली. हेडमास्तरांनी मांडीवर थाप मारली, "हरलात की हो आबा!" आबा म्हणाले, "हरलो बुवा." एवढं सोन्यासारखं भांडण त्या भल्या माणसाने मुकाट्याने सोडून दिलं, माझा जीव कसा कळवळला! पुढे हेडमास्तर ती सहीची गोष्ट लग्नाकार्यात, मुंजीत, जिथे तिथे सांगत आणि आबा मान खाली घालून हसत. त्या बाईला यातलं अक्षर कळलं नाही. ती ट्रंक कॉल जोडत राहिली.

यथावकाश माझी बदली झाली. नंतर आबा गेले, मागोमाग हेडमास्तरही गेले. आबा हरले नव्हते, एवढं हेडमास्तरांना एकदा सांगायचं माझ्या फार मनात होतं. ते राहूनच गेलं.