जास्तीचा पाटा

हुंग्या मिस्त्री माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या गाडीचं मागचं चाक हुंगायचा. गुडघे टेकून, डोळे मिटून, चाकाच्या आतल्या बाजूला नाक नेऊन. मोशीत आमच्या रस्त्यावर त्याला दुसऱ्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. तोंडावर मात्र सगळे नुसतं मिस्त्री म्हणायचे. उदगीरकडचा माणूस, अंगानं किडकिडीत. समोरचा काहीतरी लपवतोय हे त्यानं आधीच धरलेलं असायचं.

मीही तशीच. चौथीपर्यंत शिकले, पण गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवू नये हे शिकायला शाळा लागत नाही. माझा मुलगा दिलीप भोसरीतून लोखंडी सुटे भाग पिकअपमध्ये भरतो आणि चाकणच्या कंपन्यांना पोचवतो. आदल्या संध्याकाळी माल भरून गाडी दारात लावायची, सकाळी निघायचं. एकदा जेवताना म्हणाला, मागचे ब्रेक धरत नाहीत. इंद्रायणीच्या पुलाकडं उतरताना गाडी थांबेना, पुढची रिक्षा जेमतेम चुकवली. ताटातली भाकरी त्यानं तशीच ठेवली. त्या दिवसापासून तो परत येईपर्यंत मी दारातून हलत नव्हते.

मिस्त्रीनं चाक हुंगलं आणि सांगितलं, वास गिअरच्या ऑइलचा आहे, ब्रेकच्या नाही. चाकाच्या आसाचं सील गेलंय, ऑइल झिरपून ब्रेकचे लायनर भिजलेत. त्यानं सील बदललं, लायनर नवे घातले. दिलीप माल भरून निघाला आणि उतारावर पुन्हा तेच. मी मनात म्हटलं, जुनेच लायनर पुसून बसवले असणार.

दुसऱ्या वेळी दिलीपबरोबर मी स्वतः गेले. चाकासमोर स्टूल ओढून बसले. त्यानं चाकाचा ड्रम उघडल्याबरोबर मी पिशवीतून खिळा काढला आणि लायनरच्या लोखंडावर रेघ मारून ठेवली. उद्या अदलाबदल केली तर कळावी. मिस्त्रीनं बघितलं, दुसऱ्या बाजूचं चाक उघडलं आणि मला हाक मारली. "मावशी, हितंबी मारा. एकच चाक कशाला राखायलाव?" चहा मागवला तर मी उठले नाही, उठलं की नजर हटते. त्यानं ग्लास माझ्या पायाशी आणून ठेवला आणि कामाला लागला.

त्याची आणखी एक सवय होती. गाडी फिरवून आणली की हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्यायची, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तशी. आमच्या गाडीची पुढची चाकं चटका देत होती, मागची जेमतेम कोमट. ब्रेक लागला की चाक तापतं, म्हणजे मागचे ब्रेक कामच करत नव्हते. त्यानं ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, नळ्या तपासल्या, कुठं गळती नव्हती. मग हात पुसत दिलीपला विचारलं, गाडीत आणखी काय काय करून घेतलंय? दिलीप म्हणाला, काही नाही, गाडी घेतली तशीच आहे.

"मावशी, गाडी खरं सांगायलीय," मिस्त्री म्हणाला. "तुमचं पोरगं सांगंना."

मला राग आला. काम जमत नाही ते माझ्या पोरावर ढकलू नका, असं मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. तो चिडला नाही. म्हणाला, मालाचा हौदा आणि मागचं चाक यांच्यात किती जागा आहे ती आत्ता गाडी रिकामी असताना बघून ठेवा, उद्या गाडी भरून आणा आणि पुन्हा बघा. मी हात घालून बघितलं. माझी वीत आणि वर चार बोटं.

दुसऱ्या दिवशी हौदा लोखंडानं गच्च भरलेला. मी हात घातला. वीत आणि चार बोटं.

गाडीतलं मला काही कळत नाही, पण भरलेली गाडी खाली बसते एवढं कळतं. मिस्त्रीनं मला वाकून आत बघायला लावलं. मागच्या आसाजवळ एक दांडी असते. वजनानं गाडी बसली की ती दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर सुटतो. आमच्या गाडीच्या मागच्या, वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांत कुणीतरी जास्तीचा पाटा घातला होता, वर ग्रीस आणि चिखल फासून जुना दाखवलेला. गाडी बसत नव्हती, दांडी हलत नव्हती, ब्रेकच्या हिशोबानं गाडी कायम रिकामीच.

मी दिलीपकडं बघितलं. तो चपलेनं टायरचा चिखल खरवडत होता.

"सगळेच टाकतात, आई," तो म्हणाला. "जो जास्त माल उचलतो त्यालाच फेरी मिळते."

रिक्षा चुकवून घरी आला, गाडी दोनदा खोललेली बघितली, मी खिळा घेऊन बसलेली बघितली, आणि तोंड मिटून उभा राहिला. मी संशय घेत होते तो बरोबर होता, फक्त माणूस चुकला होता.

मिस्त्रीनं पाटा काढला. दिलीप तो हौद्यात टाकायला गेला, तर मिस्त्रीनं त्याच्या हातातून घेऊन माझ्या स्टुलाजवळ ठेवला. "हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. ह्याच्यापाशी दिलं तर दुसरीकडं जाऊन परत चढवून घेईल." मी त्याची माफी मागितली नाही. त्यानंही वाट बघितली नाही, पुढच्या गाडीचं चाक हुंगायला गेला.

दिलीप आता कमी माल नेतो, त्यामुळं कमी फेऱ्या मिळतात. कुरकुरतो. पण उतारावर गाडी थांबते.

मिस्त्रीची शेड रस्ता रुंद करताना गेली. कोणी म्हणतं उदगीरला परतला, कोणी म्हणतं माण गावात दुसरं गॅरेज टाकलं. मला दोन्ही खरं वाटत नाही. कुठं चाललोय हे सांगून जाणारा माणूस नव्हता तो.

रोज सकाळी दिलीप निघायच्या आधी मी हौदा आणि चाकाच्या मध्ये हात घालते. वीत मावली नाही तरच त्याला जाऊ देते. शेजारपाजारचे बघतात, त्याला लाज वाटते. म्हणतो, "आई, पाटा तुझ्या खाटेखाली आहे ना?"

"बाजारात तो एकच होता का?" मी म्हणते. आणि वाकलेच आहे म्हणून चाकही हुंगून घेते.