लॅपटॉपमधले पोटभाडेकरू

माझ्या लॅपटॉपच्या पोटात सध्या तीन जुने संगणक नांदतात. खरे नव्हेत, आभासी. आमचं सॉफ्टवेअर जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही चालतं का, हे तपासायचं माझं काम. मेधा, माझी बायको, त्यांना पोटभाडेकरू म्हणते.

त्यातला सगळ्यात म्हातारा आज आमचं सॉफ्टवेअर चालवता चालवता कोलमडला. मी एक बटण दाबलं आणि त्याला कोलमडण्याआधीच्या घडीला नेऊन ठेवलं. तो झोपून उठल्यासारखा उठला. झालेलं काहीच त्याच्या गावी नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला, कारण सकाळी चहाला मी मेधाला विचारलं होतं, "केस कापायला जायचं म्हणत होतीस ना, कधी जाणार?" ती कालच कापून आली होती. तेव्हापासून भांडी जरा जोरातच वाजत होती.

चुकलेला क्षण पुसून टाकायचा आणि पुन्हा कोरं व्हायचं, केवढं सुख! "माणसालाही असं बटण हवं होतं," मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो. "दाबलं की थेट चहाच्या आधी."

मेधाने वळूनही पाहिलं नाही. "म्हणजे तू परत चहाला बसणार आणि परत तेच विचारणार."

मी जागेवर येऊन बसलो. पडद्यावर म्हातारा ताजातवाना होऊन वाट बघत होता. मी तेच सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. तो त्याच ठिकाणी, तितक्याच निरागसपणे कोलमडला.