हुबळीत वाजली उचगावची सुट्टी

माझं सगळं फिरलं ते श्रुतीचा फोन आला त्या दुपारी. "टीमबरोबर मी बी हुबळीला चाललोय. हापिसात काम मिळालंय," म्हणाली. (आमच्याकडं पोरीसुद्धा 'चाललोय'च म्हणतात.) मी तिला गद्दार म्हणालो, फोन कापला आणि अंगातली टीमची जर्सी गळ्यापासून फाडली. कॉलेजही असंच एका भांडणात सोडलेलं, तिसऱ्या वर्षाला. डोकं तापलं की मला पुढचं दिसत नाही.

टीम म्हणजे भट्टी. कागदावर नाव दुसरंच, पण ही बास्केटबॉलची टीम जन्मली कोल्हापूरजवळच्या उचगावात, एका फौंड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत, म्हणून सगळ्यांसाठी ती भट्टी. पहिली रिंग कामगारांनीच सळई वाकवून केलेली आणि ती मापापेक्षा जरा मोठी झालेली. "म्हणून तर पयल्या वर्षी आमी कुणाला ऐकलो न्हाई," असं सलीमचाचा सांगतात. चाचा तिथले जुने मोल्डर, म्हणजे साचे भरणारे, आणि टीमचे पहिले सपोर्टर. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात हातानं खेळायच्या खेळाला माणसं जमवणं सोपं नव्हतं. आलेले लोकही बास्केट पडली की 'गोल' म्हणून ओरडायचे. ती सवय शेवटपर्यंत गेली नाही. मग लीग आली, पगारी खेळाडू आले. त्यातला पंजाबचा एक इतका उंच की उचगावातल्या एकाही दारातनं सरळ आत आला नाही. हॉल भरायला लागला, आणि तेवढ्यात मालकानं टीम हुबळीच्या पार्टीला विकली.

आमची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फौंड्रीत पाळी संपली की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके पडायचे. सुट्टी. फौंड्रीत भोंगा बसल्यावर तो तुकडा चाचांनी मॅचला आणायला सुरुवात केली. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. दुसरीकडं त्याला शिव्या पडतात. आमच्याकडं अख्खा हॉल उभा राहायचा आणि तीन ठोके पडायचे, कारण गड्याची पाळी भरली. चाचा ठोकायचे आणि तुकड्याची दोरी दोन्ही हातांनी धरून श्रुती उभी असायची. हातकणंगल्याहून यायची ती, प्रत्येक मॅचला. मी मॅच कमी आणि ती दोरी जास्त बघितली.

तर एके दिवशी चाचा म्हणाले, हुबळीला मॅच बघायला जाऊया, पोरं आपलीच हायत की. मी म्हटलं, येतो, पण शिव्या घालायला. त्यावर चाचांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "शिव्या घालायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतोय रं?"

निघताना आईनं विचारलं, कुणाची मॅच. म्हटलं, त्यांची.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. गाडी दिग्याची, म्हणजे माझ्या मित्राची जुनी ओम्नी. मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेला रुळाचा तुकडा, चौथ्या माणसासारखा. कागल सोडलं की निपाणी, मग तवंदी घाट. घाट छोटा आहे, पण ओम्नीला विचारा. रुंदीकरणामुळं जागोजागी वळसे आहेत आणि टोल बरेच, तरी तिघांत पेट्रोल वाटून एसटीपेक्षा फार जास्त पडलं नाही. बेळगावात कुंदा घ्या, पण येताना. आम्ही जाताना घेतला आणि कित्तूरपर्यंत डबा रिकामा. श्रुतीसाठी म्हणून मी एक तुकडा कागदात बांधून ठेवला होता, तो दिग्यानं धारवाडच्या अलीकडं खाल्ला. आम्ही हुबळीपर्यंत बोललो नाही. हुबळीत गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली तेव्हा राग उतरला. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्याचा ओलसर, आंबट-तिखट प्रकार. आपल्या भेळेशी तुलना करू नका, दोघांचाही अपमान होतो.

हॉल नवा, चकचकीत, छत न गळणारं. हे शेवटचं मला जास्त लागलं. गेटवर वॉचमननं रुळाचा तुकडा अडवला. मी त्याच्या अंगावर जाणार एवढ्यात आतनं श्रुती आली. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. माझ्याकडं बघितलंच नाही. चाचांना म्हणाली, "लोखंड आत न्हाई सोडत चाचा. नियम हाय." चाचा गुमान तुकडा गाडीत ठेवून आले.

मॅचबद्दल काय सांगू. जर्सी निळी, नाव नवं. आमच्यातला एकटा कॅप्टन बाळूदा उरलाय, फौंड्रीतला शेवटचा माणूस. मी हाताची घडी घालून बसलो. शेवटाकडं, दोनच पॉइंटनी मागं असताना, बाळूदाचा पाचवा फाउल झाला. तो मान खाली घालून निघाला आणि मला वाटलं, आता इथं हे लोक ओरडणार.

सगळा हॉल उभा राहिला. माणसांनी खिशातनं गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि समोरच्या स्टीलच्या कठड्यावर ठोकल्या. ठण्. ठण्. ठण्.

मी शेजारच्या हुबळीकराला विचारलं, हे काय. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "इसका ड्यूटी पूरा हुआ. श्रुती अक्का सिखाया."

चाचा कधीचे उभे होते. डोळे पुसत होते की घाम, मी बघितलं नाही. माझ्याकडं किल्ली नव्हती. मी मुठीनं कठडा वाजवला, ठोके संपल्यावरही.

मॅच हरलो. नंतर कँटीनच्या बाहेर श्रुती भेटली. चार तासांच्या रस्त्यात जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "घरी चल."

"कशाला?"

"करमत न्हाई."

"मला करमतंय हितं." मग म्हणाली, "तू तिथं बसून जर्सी फाडलीस. मी हितं येऊन ह्या माणसांना तीन ठोके शिकवलो. आता गद्दार कोण, तूच सांग."

 

चाचांनी गाडीतनं पोतं आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. मी मध्ये पडलो, आपला तुकडा आहे चाचा, इथं कसा ठेवायचा? ते म्हणाले, फौंड्रीत भोंगा हाय, माझे गुडघे गेलेत, आणि वाजणारी वस्तू गप ठेवू नये. श्रुतीनं पोत्यावरनं हात फिरवला.

"पुढच्या रविवारी बाळूदाची शेवटची मॅच हाय," ती म्हणाली. "ह्याची परवानगी काढतो मी. ठोके मी मारणार." आणि तेव्हा पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. "दोरी धरायला माणूस लागंल. मला न्यायला येणार असशील तर येऊ नको."

येताना मागच्या सीटवर पोत्याची जागा मोकळी होती. धारवाडला पेढे घेतले. घरापर्यंत पोचले.

आठवडा गेला. ती परत यायची नाही, हे आता मला कळलंय आणि ते दुखतंय. कोल्हापुरात रुळाचा तुकडा नाही, टीम नाही, श्रुती नाही. पण दोनशे किलोमीटरवर अनोळखी माणसं आमच्या उचगावची सुट्टी वाजवतात, हे आठवलं की एकटाच हसतो. दिग्याची गाडी कामाला लागलीय, म्हणून आज एसटीनं जायचं.

आईनं फाटलेली जर्सी शिवून ठेवली होती, गळ्याशी दोरा जरा वेगळ्या रंगाचा. मी ती घातली, पिशवी उचलली. आतनं आवाज आला, "आता कुणाची मॅच?"

"आपली," म्हटलं, आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.